तोंडातली कडी

थंडीच्या दिवसांत घोड्याला लगाम घालायच्या आधी लगामाची लोखंडी कडी आपल्या तोंडात धरून कोमट करायची, ही माझ्या सासूची शिस्त होती. पहाटेचं लोखंड दहिवरानं गारठलेलं असतं. आपल्या दाताला कळ आली की समजायचं, घोड्याच्याही दाताला आली असती. पुरुष मेंढरांमागं आडरानानं जायचे आणि आम्ही बाया घोड्यावर बिऱ्हाड लादून सडकेनं. सडकेवर मोटारी फार, म्हणून लगाम लागायचा. माझ्या हातात भिंगरी नावाची पांढरी घोडी होती. मी तोंडातून कडी काढली की ती मान खाली घालून आपणच ओठ उघडायची.

माझ्या भावाचा पोरगा हरिओम लहानपणी हे बघून थुंकायचा. "आत्या घोड्याचं उष्टं खाती!" म्हणून सगळ्या पालांवरून ओरडत फिरायचा. आम्ही हसायचो.

घरधनी गेल्यावर मेंढरं दिरानं नेली आणि मी वडीगोद्रीच्या शिवारात घर करून राहिले. भिंगरीवर लादायला काही उरलं नाही. हरिओमनं तेव्हा लग्नाला घोडी द्यायचा धंदा सुरू केला होता. तो म्हणाला, "आत्या, हिला खुंट्याला बांधून म्हातारी करती का? माह्याकडं राहू दे. नवरदेव मिरवंल, तिलाबी बरं वाटंल." मी हो म्हटलं. निघताना त्याला कडीचं तेवढं सांगितलं. "हो, हो, चाटूनच घालत जाईन," असं म्हणून तो टेम्पोत बसला.

या उन्हाळ्यात शेजारच्या केशरबाईच्या नातीचं, रेणूचं लग्न होतं. सडकेच्या कडेला मंगल कार्यालय आहे, तिथं. दुपारी नवरदेव मारुतीला जाऊन घोडीवरून मांडवाकडं निघाला. आमच्याकडं या मिरवणुकीला परण्या म्हणतात. पुढं वाजणाऱ्या गाडीच्या आवाजानं छातीची हाडं हलत होती. आम्ही बाया कमानीपाशी उभ्या होतो.

घोडी नाचत होती. पुढचे दोन्ही पाय उचलून, मान कमानीसारखी वाकवून, एकाच जागी टापा आपटत होती. खुरांना नखाला लावतात तो लाल रंग. कपाळावर आरसे, तोंडावर झेंडूच्या माळांचा पडदा. नवरदेव वर धरून बसला होता आणि पोरं तिच्या पायांत शिरून मोबाइल वर करत होती. जवळ आली तेव्हा डावा कान दिसला. शिंगरू असताना कुत्र्यानं फाडलेला तो कान मी हळद भरून बरा केला होता.

"कडूबाई, बघ की! तुहीच घोडी ना गं?" केशरबाई म्हणाली. "काय नाचून राह्यली! तोंडाला कुंकूबी लागलं."

ते कुंकू नव्हतं. फेस लाल होता. माळांच्या आडून एक बारीक दोरी हरिओमच्या मुठीत गेली होती. गाडीचा आवाज चढला की त्याची मूठ आवळायची आणि घोडी उंच व्हायची. लोक म्हणत होते, नाचते. ती तोंडातल्या लोखंडापासून पळत होती, आणि लोखंड तोंडातच असल्यावर पळणार कुठं?

मंगलाष्टकं झाली, पंगत बसली. मी जेवायला न बसता मागं गेले. लिंबाखाली टेम्पोच्या सावलीत भिंगरी बांधलेली होती. घामाच्या वासावर अत्तर फवारलं होतं. त्या दोन्ही वासांखालून तिसरा येत होता, जुन्या जखमेचा. ओठाच्या कोपऱ्यात माश्या बसल्या होत्या. मी तिचं नाव घेतलं. कान हलला, मान मात्र हलली नाही. मी पट्टा सोडून कडी काढली. डोळे तिच्या तोंडाकडं होते आणि हाताला सवय जुनी. कडी माझ्या तोंडाकडं गेली.

जिभेला काटे लागले. थुंकले तर लाल पडलं. माझी जीभ फक्त खरचटली होती. बाकीचं तिचं होतं.

मग कडी उजेडात धरून बघितली. सायकलच्या साखळीसारखी, आतल्या बाजूनं दाते काढलेले. दात्यांमध्ये मांस वाळून बसलं होतं.

कडी पदरात धरून मी पंगतीत आले. हरिओम पांढऱ्या कपड्यांत मांडी घालून बसला होता. पत्रावळीवर बुंदी, पुरी, वांग्याची भाजी. समोर काकासाहेब मोबाइल धरून उकिडवा बसलेला. हा माणूस मोबाइलवर आसपासच्या गावच्या बातम्या दाखवतो.

"हरिओमभाऊ, आपल्या बघणाऱ्यांना सांगा, घोडी अन् मालकाच्या नात्यात सगळ्यात महत्त्वाचं काय?"

हरिओमनं बुंदीचा घास एका गालात सारला. "विश्वास!" तो म्हणाला. "विश्वास पायजे बघा. नुसता इशारा केला की नाचती. जीव हाय तिचा माह्यावर."

वांग्याच्या तेलानं त्याच्या हनुवटीला ओघळ आला होता. लहानपणी मीच ते तोंड पदरानं पुसायचे. आता त्याच्याकडं बघवेना.

मी वाकून कडी त्याच्या पत्रावळीत, बुंदीवर ठेवली.

"घाल तोंडात," मी म्हटलं.

"आत्या! हे काय?"

"इशारा हाय. घाल."

"छी! घाण हाय ते!" तो पत्रावळ ढकलून मागं सरला. त्याच्या शर्टावर लाल थेंब उडाला होता, तो अंगठ्यानं घासायला लागला. "जेवताना असं करतंय का कुणी?"

"घाण कशाची हाय? तिच्या तोंडाची, का तुह्या हाताची?"

पंगतीत कुणीतरी हसलं. एक म्हातारा म्हणाला, "अगं बाई, लग्नकार्य हाय, हळू." काकासाहेब मला म्हणाला, "आजी, जरा परत ठिवता का? हात आडवा आला, बराबर दिसलं न्हाई."

मी कडी उचलली. "मी भिंगरीला घेऊन चालले."

"आत्या, संध्याकाळी बदनापूरला परण्या हाय. मी जबान दिली."

"मंग तू नाच."

आता सगळी पंगत हसली. हरिओमचं तोंड उतरलं. तो उठला, माझ्या कानाशी येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "ने. तसंबी तिचं तोंड बधिर झालं. पहिल्यासारखं लागत न्हाई तिला, लई ओढावं लागतं. नवी घोडी आणलीच हाय मी."

ने म्हटल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. मला त्याच्या श्वासाला येणारा बुंदीचा वास सहन होईना. मी मागच्या दारानं निघाले. भिंगरीचा दोर सोडला, कपाळावरचे आरसे काढून टेम्पोत टाकले. तेवढ्यात हा पळत आला.

"आत्या, घोडी ने, पण कडी दे. जल्दी दे. बदनापूरला लागंल."

घोडी जाताना त्यानं एकदाही तिच्या पाठीवर हात ठेवला नव्हता. कडीसाठी मात्र अनवाणी पळत आला होता.

भिंतीलगत खरकट्याचा खड्डा होता. पत्रावळी, वरण, चावलेल्या पुऱ्या, वर माश्यांचा थर आणि कडेला दोन कुत्री. मी कडी त्यात टाकली.

"येडी झाली का!" हरिओम ओरडला. त्यानं इकडं तिकडं बघितलं. कुणी बघत नाही असं वाटल्यावर बाही वर केली, गुडघ्यावर बसला आणि कोपरापर्यंत हात त्या उष्ट्यात घातला. कुत्री गुरगुरली, त्यांना तो दुसऱ्या हातानं हाकलत होता. पुऱ्या बाजूला सारून, वरण ढवळून त्यानं कडी शोधली. मग पिण्याच्या पाण्याच्या कॅनखाली धरून ती स्वच्छ धुतली, रुमालात गुंडाळली आणि खिशात ठेवली. तिच्या तोंडातली म्हणून ती घाण होती. गावाच्या उष्ट्यातून काढून धुतली की दुसरीच्या तोंडात घालायला चालते.

भिंगरी माझ्या मागं नुसत्या दोरानं चालत आली. कॅनाल ओलांडून घर आलं. तिची जुनी जागा तिनं ओळखली, बाभळीला जाऊन अंग घासलं. मी घमेल्यात पाणी ठेवलं. गुळाचा खडा मोडून, माझ्या तोंडात ओला करून, तळहातावर तिच्यापुढं धरला.

तिनं मान झटकून आभाळाकडं नेली. दात असे दाबले की आवाज आला. माझा हात हनुवटीच्या दिशेनं जाताच ती थरथरत मागं सरत होती, दोर ताणेपर्यंत. हात कुणाचा आहे हे तिला माहीत होतं, कान माझ्याकडंच होता. तोंडाला ते माहीत नव्हतं.

मी गूळ घमेल्याच्या कडेवर ठेवला आणि लांब, दारापर्यंत जाऊन पाठ करून उभी राहिले. बऱ्याच वेळानं पाणी ओढल्याचा आवाज आला. वळून बघितलं तेव्हा घमेल्यातलं पाणी गुलाबी झालं होतं. गूळ तसाच होता, त्यावर मुंग्या चढत होत्या. मी ते पाणी ओतून दुसरं भरलं, आणि पुन्हा दारापाशी जाऊन पाठ केली.