चिचुंद्रीचे दात

पिंजऱ्यात चिचुंद्री सापडली, तशी सहदेवनं नेहमीप्रमाणे पाण्याची बादली पुढं ओढली. रसायनीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून खालापूरकडच्या त्या घरात उंदरांना शिक्षा देण्याचं खातं त्याच्याकडेच होतं, आणि ते तो मोठ्या निष्ठेनं सांभाळायचा.

"आजोबा, थांबा," ऋतिका म्हणाली. ही त्याची नात, कर्जतच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकणारी. तिनं मोबाइलचा उजेड पिंजऱ्यात टाकला. चिचुंद्रीनं चिडून तोंड उघडलं. "दात बघा हिचे. उंदराला पुढं पटाशीसारखे दात, मग मोकळी जागा. खारीचं तसंच, साळिंदराचं तसंच, घाटातल्या उडत्या खारीचंपण तसंच. ती सगळी एका घरातली. हिचे सुईसारखे, सलग. ही किडे खाते. ही उंदीर नायच."

"मग उंदराची चुलतबहीण म्हण."

"तीपण नाय. उंदीर हिच्यापेक्षा आपल्याला जवळचा हाय. आणि हिला उंदरापेक्षा आपली गाय जवळची."

सहदेव हसला, पण हसू अर्ध्यातच राहिलं. ही उंदीर नाही, हे त्याला चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी सांगितलं होतं, आणि तिनं कॉलेजाचं तोंडही पाहिलं नव्हतं.

लग्नाला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. त्याची बायको अंबाबाई भांडायला एक नंबर. भात कुठलं पेरायचं इथपासून पाहुण्याला काय वाढायचं इथपर्यंत तिचा शब्द आडवा यायचाच. एकदा कणगीमागून चिचुंद्री निघाली, तेव्हा तर ती स्वतःच आडवी उभी राहिली. "ती दाण्याला तोंड लावत नाय, मी बघितलंय. उंदराची पिल्लं अशी चालतात का वो?" मागं चार पिल्लं होती. पहिल्यानं आईला शेपटीच्या बुडाशी तोंडात धरलेलं, दुसऱ्यानं पहिल्याला, अशी रांग.

"उंदीर तो उंदीर," म्हणत सहदेवनं काठी घातली. आई मेली. रांग तशीच उभी राहिली. पहिल्या पिल्लानं काही आईला सोडलं नाही.

अंबाबाईनं ती पिल्लं करवंटीत कापसावर ठेवली, वातीनं शेळीचं दूध पाजलं. तिसऱ्या दिवशी शेवटचं गेलं. तिनं करवंटी धुऊन पालथी घातली. त्यानंतर ती नवऱ्याशी कधीच भांडली नाही, कशावरूनही नाही. आणि हा शहाणा शिळफाट्याच्या चहावाल्याकडं सांगत फिरला, "आमच्या घरात मी म्हणेन ती पूर्व. बायको 'तुमी म्हणाल तसं' याच्यापुढं बोलत नाय."

आता तो पिंजरा घेऊन पडवीत गेला. अंबाबाई तांदूळ निवडत बसली होती.

"अंबे, तू म्हणालीस ते खरं व्हतं. ही उंदीर नाय. चोर सोडून मी संन्याशाला फाशी दिली. चुकलं माझं."

तिनं पिंजऱ्याकडं पाहिलं. "असंल."

"हिला कणगीमागं सोडू?"

"सोडा."

"का बांधावर नेऊ?"

"न्या."

सहदेवनं पिंजरा तिच्यापुढं ठेवला. "अगं, तुला काय वाटतं ते सांग. एकदा तरी भांड गं माझ्याशी."

"तुमी म्हणाल तसं," ती म्हणाली, आणि सुपातला एक खडा वेचून तिनं अंगणात टाकला.