चौथ्या मजल्यावरचा आचका

लिफ्ट बनवणाऱ्या त्या कंपनीत तिला सगळे 'पाना' म्हणत. आधी ती लिफ्ट दुरुस्त करायची, कमरेला पाना लटकलेला. प्रोग्रॅम लिहायला ती तेलकट हातांनीच शिकली, कुणाला न विचारता. मग पाच वर्षं खपून तिने कंपायलर लिहिला. माणसाने लिहिलेल्या ओळी मशीनला कळतील अशा करून देणारा. कंपनीत एक जुना होताच. कुणीतरी कधीतरी जुन्याला आणि नव्याला नावं पाडली : थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ.

थोरलीला लिफ्ट चालवणाऱ्या ओळींची फाइल पचवायला चाळीस मिनिटं लागत, धाकटीला सहा. तरी आज तीन वाजता धाकटीचा निकाल होता. पास झाली तर राहणार, नाही तर पाच वर्षं सगळ्या मशीनवरून पुसून टाकायची.

"वेगाचं कौतुक मला सांगू नकोस," साहेब म्हणाले. "धाकटी पोक्त नाही. चारशे बाराव्या ओळीला अडून बसते."

"अडत नाही. विचारते."

"पोक्त माणसं विचारत बसत नाहीत. घेतात सांभाळून."

पानाच्या जिभेवर आलं होतं की सांभाळून घेतात म्हणूनच सगळ्याचा विचका होतो. पण तिने पडद्याकडे मान वळवली. तिथे धाकटीचा निरोप होता : '४१२ : चौथ्या मजल्याचं ब्रेकचं अंतर आधीच ओळ ९० मध्ये सांगितलंय. खरं कुठलं?' नव्वदमध्ये अंतर तीस सेंटिमीटर होतं आणि चारशे बारामध्ये नुसतं तीन. एक शून्य गळालं होतं. थोरली मुकाट्याने दुसरं उचलायची आणि पुढे जायची. वीस वर्षं तोंडातून चकार शब्द नाही. याला म्हणे पोक्तपणा!

त्या गळालेल्या शून्यापायी कंपनीची स्वतःची लिफ्ट चौथ्या मजल्यावर असा आचका द्यायची की दात वाजावेत. दुरुस्तीवाल्यांनी दोर बदलले, रूळ बदलले. शेवटी लोकच बदलले. चौथा आला की सगळे गुडघे वाकवत. जुने लोक तर परक्या इमारतीतल्या लिफ्टमध्येही चौथ्याला अर्धे खाली बसत.

पाना जागेवर गेली आणि धाकटीला एक बटण जोडून आली. नाव ठेवलं, 'पोक्त'. ते दाबलं की धाकटी थोरलीसारखीच वागणार, चुकीसकट. फक्त शेवटी एक ओळ छापणार : 'पटलं नाही, पण केलं.'

तीन वाजता तिने 'पोक्त' दाबलं, सहा मिनिटांत फाइल निघाली. वाळूची पोती घालून चार फेऱ्या झाल्या, मग माणसं चढली : साहेब, पाना आणि तपासनीस बाई. चौथा आला, गुडघे वाकले, दात वाजले.

"वा!" साहेब खूश झाले. "अगदी थोरलीसारखी! झाली की गं पोक्त!"

"आता बटण काढून एकदा बघू," पाना साळसूदपणे म्हणाली. "बाई, धाकटी काय विचारते ते वाचा आणि तुम्हाला पटेल ते करा."

बाईंनी वाचलं, चष्मा वर सरकवला आणि चारशे बारावी ओळ पुसून टाकली. पुन्हा सहा मिनिटं, पुन्हा पोती, पुन्हा तिघं.

चौथा मजला आला. गुडघे वाकले.

काहीच झालं नाही. लिफ्ट लोण्यावर टेकावी तशी टेकली. दार उघडलं. समोर हिशेबखात्यातल्या चौघी उभ्या होत्या. आत साहेब दांडी घट्ट धरून, डोळे मिटून, अदृश्य स्टुलावर बसल्यासारखे.

"साहेब," त्यांतली एक म्हणाली, "बरं वाटत नाहीये का?"

साहेब ताठ झाले. दार बंद झाल्यावर हळूच म्हणाले, "आचका गेला कुठे?"

"चारशे बाराव्या ओळीबरोबर," बाई म्हणाल्या. "कुण्या गाढवाने लिहिली होती कोण जाणे."

"फाइलमध्ये नोंद असते ना," पाना म्हणाली. "तारीख, वेळ, नाव. उघडू का?"

साहेबांचे कान लाल झाले. वीस वर्षांपूर्वी ते साहेब नव्हते. ओळी लिहीत होते.

"नाव कशाला उकरायचं?" त्यांनी निकालाचा कागद भिंतीला टेकवून सही ठोकली. धाकटीपुढे लिहिलं, 'पोक्त'. "राहू दे तुझी धाकटी. फक्त तो निरोप जरा मवाळ कर. 'खरं कुठलं' म्हणजे उलटतपासणी वाटते. मोठ्यांशी बोलायची काही रीत असते."

"करते की."

पाना जागेवर गेली आणि तिने निरोपात एकच शब्द वाढवला. तेव्हापासून त्या कंपनीत कुणीही एकच गोष्ट दोनदा लिहिली की धाकटी अदबीने विचारते :

'साहेब, खरं कुठलं?'