काट्यात न मावणारा माणूस

"थांबा सिस्टर, आकडा बघू नका. आधी मी सांगतो."

सहा नंबरच्या खाटेवरचे आजोबा वजनाच्या खुर्चीत बसले होते. कालच भरती झालेले, अंगावर मांस नावापुरतं. त्यांनी उजव्या हाताच्या दोन बोटांत स्वतःचंच डावं मनगट धरलं, डावा डोळा मिटला आणि मान जराशी तिरकी केली.

"सेहेचाळीस. आणि वर थोडं, वाटीभर पाण्याएवढं."

सिस्टरने आकडा पाहिला. सेहेचाळीस किलो दोनशे ग्रॅम. तिच्या हातातलं पेन तिथेच थांबलं. आकडा बरोबर निघाला याचं तिला एवढं काही वाटलं नाही. तिने तो मिटलेला डावा डोळा ओळखला होता.

वॉर्डात तिला मागून 'काटा सिस्टर' म्हणत आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. चपला काढा, खिसे रिकामे करा, मोबाइल खाटेवर ठेवा, भिंतीला टेकू नका. एकदा एक नवे डॉक्टर "अंदाजे लिहा हो" म्हणाले, तेव्हा तिने सरळ विचारलं होतं, "अंदाजे सांगायला मी काय जत्रेत बसलेय?" औषधाचा डोस वजनावर ठरतो; तिथे तिच्यापुढे कुणाची डाळ शिजत नसे. पण जत्रेत बसून अंदाजे वजन सांगणाऱ्या एका माणसापुढे ती लहानपणी आ वासून उभी राहायची, हे तिने वॉर्डात कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

सुगी संपली की नदीपलीकडच्या मैदानावर जत्रा भरायची. तिचे बाबा बस-डेपोत मेकॅनिक. वर्षभर नखांत ग्रीस, पण जत्रेच्या दिवशी सकाळी ते अर्धा तास हात घासत बसायचे, कारण लेक दिवसभर त्या हाताला धरून फिरणार. पूल ओलांडला की आधी आकाशपाळण्याचं वरचं टोक दिसायचं आणि ती बाबांचा हात ओढू लागायची. पुढे धुतलेल्या, शिंगं रंगवलेल्या बैलांच्या रांगा. मग दोन माणसांना उचलता येणार नाही असा पहिल्या नंबरचा भोपळा. बाबा त्या भोपळ्यालाही हात जोडायचे. "नमस्कार कर," म्हणायचे, "तुझ्यापेक्षा वजनदार आसामी आहे."

आणि सगळ्याच्या शेवटी तोलमामा. चार साखळ्यांना टांगलेली एक खुर्ची आणि वर स्टेशनच्या घड्याळाएवढी तबकडी. तोलमामा गिऱ्हाइकाचं मनगट दोन बोटांत धरायचे, डावा डोळा मिटायचे आणि ओरडायचे, "चुकलो तर बक्षीस तुमचं!" मग आकडा सांगायचे. माणूस खुर्चीत बसला की पाय अधांतरी, काटा थरथरत फिरायचा आणि नेमका त्या आकड्यावर येऊन थांबायचा. गर्दीतून एकच हुंकार उठायचा. तिला वाटे, या माणसाला सगळ्यांची हाडं दिसतात, पोटातलं दिसतं, खोटं बोललेलंही दिसत असणार. एका वर्षी परीक्षा घ्यायची म्हणून तिने फ्रॉकच्या खिशात दगड लपवला. तोलमामा म्हणाले, "एकोणीस किलो. खिशातल्या धोंड्यासकट साडेएकोणीस." त्यानंतर आठवडाभर तिने घरात एकही थाप मारली नाही.

ती नऊ वर्षांची होती तेव्हाची जत्रा वेगळी. त्या वर्षी बाबा मागे मागे राहत होते.

"राहू दे गं. दरवर्षी तेच तर असतं."

"नाही, तुम्ही बसायचंच!" तिने त्यांना ओढत नेलं.

तोलमामांनी बाबांचं मनगट धरलं. एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. डावा डोळा काही मिटला नाही. बघता बघता त्यांनी दोन्ही कान पकडले आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असे ओरडले, "हरलो! अहो, हरलो! हा माणूस माझ्या काट्यात मावत नाही!"

लोक हसले, टाळ्या पडल्या. बाबांना खुर्चीत बसावंही लागलं नाही. तिच्या तळहातावर बक्षीस आलं, पोट दाबलं की टिक-टिक करणारा हिरव्या पत्र्याचा बेडूक. तिने मान वर करून बाबांकडे पाहिलं. आकाशपाळणासुद्धा त्यांच्या मागे बुटका दिसत होता. पुलावरून परतताना बाबा थांबून थांबून चालत होते आणि प्रत्येक थांब्याला म्हणत होते, "ऐकलंस ना? मावत नाही मी."

पुढच्या जत्रेला बाबा नव्हते.

सव्वीस वर्षं ती नर्स होती. गळ्याजवळची हाडं कधी वर येतात आणि का येतात, हे तिला लांबूनही कळायचं. पण त्या एका संध्याकाळकडे तिने नर्सच्या डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आता तेच तोलमामा सहा नंबरला पडले होते. विचारावं, तर ते म्हणतील, आजार कळला होता, म्हणून मुद्दाम हरलो. मग बाबांचं म्हणून तिच्यापाशी जे एवढंसं उरलं होतं, तेही जायचं. न विचारावं, तर चैन पडेना. तीन दिवस ती त्या खाटेपाशी गरजेपेक्षा जास्त घोटाळली, चौथ्या दिवशी उशी सारखी करता करता तिने आडून विचारलं.

"आजोबा, मनगटावरून कसं कळतं हो?"

आजोबांना हसताना ठसका लागला. "मनगटाचं सगळं नाटक, पोरी. बायकांच्या बांगड्या बघायचो, सैल की घट्ट. पुरुषांचा पट्टा. माणूस खोटं बोलेल, पट्टा नाही बोलत. आता खिळ्याने घाईघाईत आतलं भोक पाडलेलं असलं की समजायचं, गडी वर्षात आटलाय."

"मग?"

"मग काय! खुर्चीत बसवला तर काटा चारचौघांत बोंबलणार. एकटा असला तर बाजूला घेऊन सांगायचो, बाबा रे, दवाखाना गाठ. पण सोबत लेकरू असलं, तर..." त्यांनी सुईच्या पट्ट्या लावलेले दोन्ही हात कानांपाशी नेले. "हरलो म्हणायचो. बायको ओरडायची, तुझ्या हरण्याने सगळे बेडूक संपले!"

सिस्टरला तो पट्टा आठवला. पायरीवर बाबा बसलेले, एका हातात खिळा, दुसऱ्यात दगड. "घट्ट धर गं, हलू देऊ नकोस." पट्ट्याचं दुसरं टोक तिनेच धरलं होतं.

ती चादरींच्या खोलीत गेली आणि दार लावून रडली, नाकडोळे लाल होईपर्यंत. पण रडून झाल्यावर जे वाटलं ते दुःख नव्हतं, नवलच होतं. एकमेकांचं नावही माहीत नसलेली दोन माणसं. एकाने ओळखलं, दुसऱ्याने त्याने ओळखलेलं ओळखलं, आणि तिच्या डोक्यावरून, आपसात एक शब्द न बोलता, दोघांनी तिची जत्रा सांभाळली. एवढ्या वर्षांत यापेक्षा मोठी करामत तिने पाहिली नव्हती.

रविवारी सकाळी ती वजनाची खुर्ची ढकलत आली, तर आजोबांची सून आणि सहा-सात वर्षांची नात येऊन बसलेली. आजोबांच्या पायजम्याची नाडी आणखी बोटभर आत आवळली होती.

"सिस्टर, आजोबा म्हणतात त्यांचं वजन वाढलंय. खरं?" नातीने विचारलं. "बसवा ना त्यांना खुर्चीत!"

आजोबा खिडकीबाहेर बघू लागले. सुनेने डबा उगाच उघडून बंद केला.

सिस्टर खाली वाकली. तिने आजोबांचं मनगट दोन बोटांत धरलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग अख्ख्या वॉर्डाच्या देखत, जिने उभ्या जन्मात अंदाजे आकडा लिहिला नव्हता, तिने दोन्ही कान पकडले.

"हरले बाई! तुझे आजोबा माझ्या काट्यात मावत नाहीत."

पलीकडच्या खाटेवर कुणीतरी हसलं. आजोबांना दाखवायला म्हणून घरून आणलेला तो जुना बेडूक सिस्टरने एप्रनच्या खिशातून काढून नातीच्या हातावर ठेवला. रंग बराच उडालेला, पण पोटाखाली अजून हिरवा. टिक-टिक वाजला. आजोबांनी मान वळवली. बेडकाकडे पाहिलं, मग सिस्टरकडे.

मायलेकी गेल्यावर ते हळूच म्हणाले, "तेव्हा तू केवढी होतीस?"

"नऊ वर्षांची."

त्यांनी मान हलवली. खाटेचा कठडा धरून स्वतःच पाय खाली सोडले. "चल, आता खरं वजन घे. औषध चुकायला नको."

तिने त्यांच्या चपला काढल्या आणि त्यांना खुर्चीत नीट बसवलं. या वेळी त्यांनी आधी आकडा सांगितला नाही. त्रेचाळीस किलो आठशे. तिने तो जसाच्या तसा कागदावर लिहिला. जिन्यावरून टिक-टिक ऐकू येत होती, एकेक मजला खाली जात, आणि दोघंही ती अगदी बंद होईपर्यंत ऐकत राहिले.