झानेताची चाचणी

आरांकाला शाळेत मदतनीस म्हणून घेतलं तेव्हा हेडमास्तरांनी बजावलं होतं, "रोमा पोरांना सांभाळायचं, त्यांच्या आईबापांशी बोलायचं. बाकी कशात पडायचं नाही." ओस्त्राव्हा या चेक शहरातल्या कोळशाच्या खाणी एकेक करून बंद पडत होत्या, आरांकाच्या रोमा, म्हणजे जिप्सी, वस्तीतले निम्मे पुरुष घरी बसले होते. आरांका हो म्हणाली.

पहिलीत जाणाऱ्या पोरांची उन्हाळ्याआधी चाचणी होई. रोमा पोरं तिच्यात बहुतेक नापास होत आणि मंदबुद्धी मुलांच्या शाळेत जात. आरांका स्वतः साध्या शाळेत शिकली, त्याला कारण एवढंच की तिच्या वेळी चाचणी घेणाऱ्या बाई आजारी पडल्या होत्या.

त्या दिवशी शेजारच्या मार्गिताच्या झानेताची पाळी होती. आरांका मागच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसली. चाचणी घ्यायला आलेल्या डॉक्टरीणबाई प्रेमळ होत्या. त्यांनी पोरीला खाऊची गोळी दिली आणि स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं. "हे काय गं?"

"नाख," झानेता म्हणाली.

बाई थांबल्या. मग कानाला हात लावला.

"कान."

नळाचं चित्र. "यातून काय येतं?"

"पानी."

पोरगी धडाधड उत्तरं देत होती, सगळी घरच्या रोमानी बोलीत. बाईंना हवे होते चेक शब्द. त्या प्रत्येक उत्तराला कागदावर आडवी रेघ ओढत होत्या.

"शहरात हरवलीस तर काय करशील?"

हे झानेताला कळलं. मोडक्यातोडक्या चेकमध्ये ती म्हणाली, "हरवेन कशी? आमच्यातलं कुणीतरी असतंच की."

"आणि पोलीस दिसला तर?"

"लपेन."

पुन्हा रेघ. आरांकाच्या तोंडून निघून गेलं, "बाई, तिला येतंय सगळं. बरोबर सांगतेय ती."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "मला कळतं हो. पण तुम्ही तिच्या बोलीतला अर्थ सांगायला लागलात तर मला ही चाचणी फेकून द्यावी लागेल. हे गुणांचे आकडे चेक बोलणाऱ्या मुलांवरून बसवलेत. भाषा बदलली की त्यांना अर्थ राहत नाही."

"आत्ता तरी काय अर्थ आहे त्यांना?"

बाईंनी चष्मा पुन्हा लावला. पुढचं चित्र त्यांनी टेबलावर ठेवलं. पियानोशी बसलेली मुलगी होती. असं काही झानेताने कधी पाहिलं नव्हतं; ती चित्राकडे बघत राहिली आणि मग तिने बोलणंच बंद केलं.

संध्याकाळी आरांका मार्गिताकडे गेली. मार्गिता बटाटे सोलत होती.

"त्या मंदबुद्धी शाळेच्या कागदावर सही करू नकोस," आरांका म्हणाली. "तू नाही म्हणालीस तर त्यांना जबरदस्ती करता येत नाही."

"मग काय करू? तुझ्या त्या शाळेत धाडू? तिथे तिच्याशेजारी कोण बसणार आहे?"

"मी आहे ना."

"तू आहेस. आणि मधल्या सुट्टीत? काळी म्हणून ढकलतील तेव्हा? तिचे भाऊ तिकडेच आहेत. कोण हात लावेल तिला तिथे?" मार्गिताने बटाटा पातेल्यात टाकला. "मीही तिकडचीच, आरांका. मेले का मी?"

आरांकाला राग येईल असं वाटलं होतं, तो आला नाही. ती उठून घरी गेली. मार्गिताने सही केली.

झानेता त्या शाळेत हुशार निघाली. दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत ती चेक अशी बोलायला लागली की दुकानदार गोंधळून तिच्याकडे बघत. तिथल्या मास्तरीणबाई एकदा आरांकाला रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, "ही पोर आमच्याकडे का आहे? मी तिला तेच ते अक्षर किती वेळा गिरवायला लावू?" मग आरांका महिनाभर या दारातून त्या दारात फिरली. शेवटी फेरचाचणी मिळाली.

त्याच डॉक्टरीणबाई होत्या. झानेताने सगळं सांगितलं. पोलिसाला पत्ता विचारेन, असंही सांगितलं. बाईंनी आरांकाचा हात दाबला. "पाहिलंत? मी खूश आहे हो."

हेडमास्तर मात्र म्हणाले, "तिकडे दोन वर्षं घालवून तिला जे येतं ते आमच्या पहिलीतल्या पोरांना नाताळाआधी येतं. पहिलीत बसवायची तर सहा वर्षांच्या पोरांत ही घोडी. वरच्या वर्गात ती टिकणार नाही. तुम्हीच सांगा, कुठे बसवू?"

आरांकाने दोन्ही सुचवलं. पहिली, नाहीतर तिसरी आणि रोज वेगळा तास. तो तास मी घेईन, फुकट घेईन, म्हणाली. हेडमास्तरांनी नकारार्थी मान हलवली आणि दुसऱ्याच कामाचा फोन उचलला.

ती मार्गिताला सांगायला गेली. झानेता दारात दोरीवर उड्या मारत होती. "मावशी, मी पास झाले ना?"

"झालीस."

"मग आता?"

"आता काही नाही. आहेस तिथेच."

"बरं," झानेता म्हणाली आणि उड्या मारायला लागली.

आरांका घरी आली. ती सूप गरम करून प्यायली, मग तिने वाटी धुतली. दुसऱ्या दिवशी शाळेत मुलांच्या सोंगांच्या जत्रेसाठी मुखवटे करायचे होते. डोळ्यांची भोकं तिने नीट, सारख्या मापाची कापली.