तिरक्या रुपयाचं पाकीट

मी एक पाकीट बोलतोय. आहेराचं लाल पाकीट. अंगावर सोनेरी वेल आणि कोपऱ्यात चिकटवलेला एक रुपया. माझं तोंड अजून बंद आहे, त्यामुळे माझा आवाज थोडा दबका वाटेल. जरा जवळ येऊन ऐका.

माझा जन्म चिंचवडला, झुलेखाबाईंच्या दोन खोल्यांच्या घरात झाला. त्या आणि त्यांची मुलगी कशफ दिवसभर पाकिटं चिकटवत बसत. माझ्यावर रुपया लावताना गॅसवरचं दूध उतू गेलं आणि झुलेखाबाई उठून धावल्या. त्या परत येईपर्यंत डिंक वाळला होता.

"अम्मी, ह्याचा रुपया तिरका बसलाय," कशफ म्हणाली.

"बसू दे गं. रुपया सरळ आहे का बघून कोणी आहेर घेतं होय?"

पिंपरीच्या बाजारातून वर्षालीनं आम्हा पंचवीस जणांचा गठ्ठा विकत घेतला. ती पुनावळ्याची. एका विद्यापीठात परदेशी प्राध्यापकांची कागदपत्रं बघायची तिची कंत्राटी नोकरी होती. कोणत्या व्हिसावर काय चालतं आणि काय चालत नाही, हे तिला तोंडपाठ असायचं.

तिथे मला माणसांची एक सवय कळली. पाहुण्याला स्टेजवर जे पाकीट देतात ते रिकामंच असतं. मानधन नंतर बँकेत जमा होतं. तरी टाळ्या पाकिटालाच पडतात. पाहुणाही ते दोन्ही हातांनी घेतो आणि न उघडता बाजूला ठेवतो. कोणी कोणाला फसवत नसतं, कारण सगळ्यांनाच माहीत असतं.

फेब्रुवारीत इथिओपियाहून डॉ. अल्माझ नावाच्या बाई येणार होत्या. पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर कामगारांची बोटं तुटतात, ती वाचवायची कशी, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. आदल्या दिवशी वर्षाली विभागप्रमुख दौलतराव सरांसमोर उभी होती. मी टेबलावर होतो.

"सर, मॅडमचा व्हिसा चर्चासत्राचा आहे. तिकीट, राहणं, जेवण आपण देऊ शकतो. मानधन नाही देता येत."

"अगं, तीनशे माणसांसमोर पाहुणीच्या हातात नुसती शाल द्यायची? बरं दिसतं का ते?"

"नियम आहे सर."

"मग पैसे घालू नकोस. पाकीट तेवढं ठेव, फोटोपुरतं."

"सर, पाकीटसुद्धा नको."

"वर्षाली, तुझ्या लग्नात तुला नियमांचं पुस्तकच आहेर देतो बघ," सर हसले. "आणि तोंड चिकटव त्याचं. स्टेजवर कोणीतरी वाकून बघायचं."

वर्षालीनं माझं तोंड चिकटवलं.

समारंभात मला ताटात घेऊन रोहिदासमामा आले. हे विभागातले शिपाई. चाकणच्या एका कारखान्यात प्रेसवर काम करताना त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली, तेव्हापासून ते इथे चहा देतात. उरलेल्या दोन बोटांनी त्यांनी ताटाची कड घट्ट धरली होती. अल्माझबाईंचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. त्या मामांच्या हाताकडे बघत होत्या. तेवढ्यात माइकवरून आवाज आला, "मानधन देऊन सत्कार!" टाळ्या झाल्या, फोटो निघाला.

संध्याकाळी अतिथीगृहात वर्षालीनं त्यांना पाकीट रिकामं असल्याचं खरं सांगून टाकलं. सांगताना तिची मान खाली होती. बाई हसल्या. "आमच्याकडेही स्टेजवर बरंच काही रिकामं असतं," त्या म्हणाल्या. "हे मी असंच बंद ठेवणार. मला हा तिरका रुपया आवडला."

दुसऱ्या दिवशी बाई वर्षालीला आणि मामांना घेऊन तो कारखाना बघायला चाकणला गेल्या; मी त्यांच्या पिशवीत होतो. रोहिदासमामांचा धाकटा भाऊ कुलदीप त्याच कारखान्यात होता. ज्या मशीननं मामांची बोटं घेतली, त्याच मशीनवर. पत्रा आत सरकवायचा, पायानं पेडल दाबायचं, हात मागे घ्यायचा. दर चार सेकंदांनी जमीन हादरायची आणि माझा रुपया थरथरायचा. मशीनची हात वाचवणारी जाळी काढून कोपऱ्यात ठेवली होती, कारण जाळी असली की काम मंद होतं.

बाईंनी मालकाला कागदावर चित्र काढून दाखवलं. प्रेस खाली यायच्या आधी आपोआप मिटणारी जाळी, आणि तिच्यामुळे कामही मंद होत नाही. मालकानं चित्र उलटसुलट करून पाहिलं. मग तो म्हणाला, "मॅडमनी स्वतः बसवावी आणि इथं उभं राहून चालवून दाखवावी. चालली तर सगळ्या मशीनला लावतो. दुसऱ्या कुणाच्या हातानं मी प्रयोग करणार नाही."

"जूनमध्ये येते," बाई म्हणाल्या. "तीन महिने राहीन. तुमच्या विद्यापीठात शिकवीन आणि इथे जाळी बसवीन."

कुलदीपनं दोन्ही पंजे त्यांच्यासमोर पसरले. "मॅडम, धा हायेत. मोजून घ्या. जूनमधी आल्यावर परत मोजा."

वर्षालीनं इंग्रजीत सांगितलं. बाईंनी खरोखरच एकेका बोटाला हात लावून मोजलं आणि मराठीत म्हणाल्या, "दहा."

"बास का, आता हे पावतीबी मागंल," रोहिदासमामा म्हणाले. सगळे हसले.

मी बाईंबरोबर त्यांच्या देशात गेलो. त्यांच्या टेबलावर दिव्याला टेकून उभा राहिलो. इकडे काय घडलं ते मला नंतर समजलं.

तीन महिने पगार घेऊन शिकवायचं तर वेगळा व्हिसा लागतो आणि त्यासाठी विद्यापीठाचं पत्र लागतं. वर्षालीनं ते पत्र तयार केलं, तीनदा तपासलं. दौलतराव सर म्हणाले, "मागच्या भेटीची बातमी जोड. वजन पडेल." तिनं जोडली. नियम तोंडपाठ असणाऱ्या त्या मुलीनं बातमीचा मथळा वाचलाच नाही. फोटोत रोहिदासमामा किती छान आलेत, एवढंच तिनं पाहिलं. मथळा होता : 'परदेशी विदुषीचा मानधन देऊन सत्कार'.

व्हिसा कचेरीनं विचारलं, चर्चासत्राच्या व्हिसावर मानधन घेतलंच कसं?

मग बाईंनी मला कुरिअरनं त्या कचेरीकडे पाठवलं. सोबत पत्र होतं : 'हे तेच पाकीट. फोटोतला तिरका रुपया जुळवून पाहा. तोंड मी उघडलेलं नाही. आपण उघडा.' कचेरीनं मला विद्यापीठाकडे धाडलं. दोन साक्षीदारांसमोर उघडा, आत काय निघालं ते लेखी कळवा, मुदत पंधरा दिवस.

इतकं सोपं काम होतं. एक कात्री आणि दोन सह्या.

कुलसचिवांच्या खोलीत मला टेबलाच्या मध्यभागी ठेवलं होतं. कोणी मला हात लावत नव्हतं.

"रिकामं पाकीट दिलं असं लिहायचं? विद्यापीठाच्या लेटरहेडवर?" कुलसचिव म्हणाले. "उद्या ते पेपरात येईल. पाहुणीची चेष्टा केली म्हणतील."

"पण पैसे दिले असं म्हटलं तर नियम मोडल्यासारखं होतं," दौलतराव सर हळूच म्हणाले.

"म्हणून काहीच म्हणायचं नाही. फाइल कपाटात ठेवा."

वर्षाली दारापाशी उभी होती. "सर, मी लिहून देते. मीच चिकटवलं होतं ते. माझ्यासमोर उघडा."

"तुमची सही चालत नाही. तुम्ही कंत्राटी."

तिनं दौलतराव सरांकडे पाहिलं. सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. ते वाईट गृहस्थ नाहीत. वर्षालीच्या वडिलांच्या आजारपणात ते दोनदा दवाखान्यात जाऊन आले होते. पण त्या दिवशी त्यांनी चष्मा पुसला.

पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी मुदत संपल्याचं पत्र आलं आणि नंतर व्हिसा नाकारल्याचं. बाईंनी वर्षालीला निरोप पाठवला : 'पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करीन. ते पाकीट जपून ठेव. कुलदीपला सांग, दहा.'

जून गेला. जुलैच्या एका दुपारी रोहिदासमामा वर्षालीच्या खोलीतल्या कपाटापाशी आले. चहाची वेळ होती, पण त्यांच्या हातात चहा नव्हता. वर्षाली खुर्चीतून उठली.

"मामा, कुलदीपदादा कसे आहेत?"

"आठ," मामा म्हणाले.

त्यांनी कपाट उघडून मला बाहेर काढलं. दोन बोटांच्या चिमटीत माझं तोंड धरलं. मला वाटलं, सुटलो. मी इतका हलका झालो की कागद नव्हे, श्वास वाटावा.

"फाडू का ताई? बघू दे समद्यांना, काय हाय आत."

"नको मामा." वर्षालीनं मामांचं मनगट धरलं. "असं फाडलं तर पुरावा जाईल. मॅडम पुन्हा अर्ज करणार आहेत."

मामांनी माझ्या तिरक्या रुपयावरून अंगठा फिरवला. मग मला फाइलमध्ये ठेवलं आणि कपाट लावलं. नीट लागलं का, ते ओढून पाहिलं.

ऑगस्टमध्ये वर्षालीचं कंत्राट संपलं. ते पुढे वाढवलं नाही. आता तिच्या खुर्चीवर नवीन मुलगी बसते. तिला ही फाइल कशाची आहे तेही माहीत नाही. माझ्याबरोबरची चोवीस पाकिटं एकेक करून स्टेजवर गेली. त्यांच्यासाठी वाजणाऱ्या टाळ्या मला भिंतीपलीकडून ऐकू येतात. कधीतरी खिडकी उघडी असली की लांबून एखाद्या मशीनचा आवाज येतो आणि मी नकळत चार सेकंद मोजतो.

आपल्याला कोणी फाडू नये, असं सगळ्या पाकिटांना वाटतं. मला तसं वाटत नाही. तुमच्यापैकी कोणाची सही चालत असेल, तर एकदा इथे या. दोन साक्षीदार बोलवा, कागदावर तारीख घाला आणि मला सगळ्यांसमोर फाडा. आत काहीच नाही. तेवढंच मला सांगायचं आहे.