लाल पट्टीवरची सही

देवीदास मेश्राम यांनी भिलाईच्या प्लांटमध्ये तेहतीस वर्षं मेंटेनन्स केलं. त्यांच्या शॉपमध्ये, म्हणजे दुरुस्ती विभागात, एक साधी रीत होती. मशीनमध्ये धोका दिसला की ज्याला दिसला त्यानं लाल पट्टी बांधायची. तो हेल्पर असो की फोरमन, पट्टी सुटेपर्यंत मशीन चालत नसे. आणि सोडायची तीही ज्यानं बांधली त्यानंच.

निवृत्तीनंतर या रीतीमुळेच दिल्लीच्या विमान सुरक्षा मंडळानं त्यांना बोलावलं. मंडळात नियमांचं रान माजलं होतं. विमानातला एक बिघाड कळवायला सतरा नमुने भरावे लागत आणि ते सात विभागांतून फिरत. सगळं सोपं करायला समिती नेमली होती. देवीदास पाचदा दिल्लीला जाऊन आले. दर वेळी त्यांनी एकच सांगितलं: पट्टी मेकॅनिकच्या हाती द्या, कागद मागाहून भरा. साहेब लोक माना डोलवत.

भिलाईत वैशाली नगरात त्यांची बायको पंचफुला शेजारणींना सांगे, "आमचे हे इमानाचे कायदे करून राहिले." सगळ्यात खूश होता भाचा रोशन. जवळच्या रसमडा गावापलीकडं एका खासगी फ्लाइंग स्कूलमध्ये तो मेकॅनिक होता. "मामाजी, अब तो काम होईन. आतापर्यंत बिघाड लिहिला का फाइलच गायब."

फेब्रुवारीत नवा नियम निघाला. मार्चमध्ये रोशनला सरावाच्या एका विमानाच्या ब्रेकच्या नळीतून तेल झिरपताना दिसलं. त्यानं पट्टी बांधली. दुपारी मॅनेजरनं ती कापून टाकली. दुसऱ्या दिवशी ते विमान उतरल्यावर थांबलंच नाही. धावपट्टी ओलांडून नाल्यात गेलं. विमान चालवायला शिकणाऱ्या मोनालीचे दोन्ही पाय मोडले. एकोणीस वर्षांची पोर.

मंडळाचे लोक चौकशीला आले. नळीबद्दल त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले आणि पट्टीबद्दल दिवसभर. शेवटी शेरा आला, की रोशननं अधिकार नसताना पट्टी बांधली, त्यामुळं कर्मचाऱ्यांत गोंधळ उडाला. त्याचं लायसन्स दोन वर्षांसाठी निलंबित झालं. स्कूलनं त्याला काढून टाकलं.

तो आदेश घेऊन रोशन मामाकडं आला. "कावून असं झालं? पट्टीचा नियम तर तुमचाच होता ना?"

देवीदासांनी चष्मा लावला आणि तो नियम पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. पट्टी होती त्यात. पण बांधण्याआधी पोर्टलवर आणखी एक नमुना भरायचा, दोन अधिकाऱ्यांची मंजुरी घ्यायची. आणि बांधणार कोण, तर मंडळाचं प्रमाणपत्र असलेला पट्टी अधिकारी. त्यासाठी नवा विभाग. जुने सतरा नमुने जागच्या जागी होते. शेवटच्या पानावर समितीच्या सह्या, त्यात तिसरी त्यांची.

"वाचलं नोतं तुम्ही?" रोशननं विचारलं.

"दोनशे पानं होती रे. शेवटच्या दिवशी समोर ठेवली. सारे फोटोसाठी खोळंबले होते. म्या सही केली."

"प्लांटात कधी केली होती अशी सही?"

"नाही."

रोशन उठला. पंचफुला जेवायला थांब म्हणाली. "भूक नाही मामी," म्हणून त्यानं बाइकला किक मारली.

पुढं तो कुम्हारीला ट्रक दुरुस्तीच्या शेडमध्ये लागला. मामाच्या घराकडं फिरकेना. देवीदासांनी मंडळाला पत्र लिहिलं, की माझी सही मी मागं घेतो. उत्तर आलं, 'नोंद घेण्यात आली आहे.' ऑगस्टमध्ये दुसरं पत्र आलं. पट्टीचा नियम सुधारण्यासाठी नवी समिती बसणार होती आणि त्यांना सन्मानानं बोलावलं होतं. त्यांनी कळवलं: येतो, पण ज्यानं पट्टी बांधली त्या रोशनचं आधी ऐकून घ्या. मंडळानं लिहिलं, की समितीपुढं लायसन्स चालू असलेल्या मेकॅनिकलाच बोलता येईल.

तो कागद घेऊन देवीदास कुम्हारीला गेले. रोशन ट्रकखाली उताणा पडून काम करत होता. नुसते पाय दिसत होते.

"म्या लिहिलं होतं तुयासाठी," ते वाकून म्हणाले. "नाही म्हणतात. म्या बी नाही जाऊन राहिलो."

"जा नाही तं नका जाऊ," खालून आवाज आला. "त्या पोरीले भेटले का तुम्ही?"

देवीदास भेटले नव्हते. ते तसेच वाकलेले राहिले.

"मंग जरा सरका मामाजी. उजेड अडून राहिला."