पोटातली माती

दिवाळीच्या साफसफाईत लतिकाबाईंच्या तावडीतून काही सुटत नसे, मग घर पुण्यातलं असो की मुलाचं, जर्मनीत इंगोलश्टाटमधलं. त्यात खालच्या मजल्यावरच्या म्पिओने घर रंगवायला काढलं म्हणून ठेवायला दिलेली लाकडी मूर्ती कपाटावर उभी. वीतभर उंची, गालांवर उभ्या रेघा, दाढी आणि पोटावर वाळलेल्या चिखलाचा हा एवढा गोळा! "शी, काय कळकट ठेवलाय देव," म्हणत बाईंनी चमच्याने गोळा उकरला, मूर्ती पुसली, खोबरेल चोळलं. देवाच्या अंगावरची माती केरात कशी टाकायची? ती त्यांनी तुळशीच्या कुंडीत कालवली.

संध्याकाळी उत्कर्ष कामावरून आला आणि मूर्ती हातात घेऊन जमिनीवरच बसला.

"अगं आई, काय केलंस हे! काँगोतल्या तेके लोकांची मूर्ती आहे ती. त्या मातीतच तिची शक्ती असते. म्पिओच्या आजोबांचे केस होते त्यात. माती काढली की उरलं नुसतं लाकूड!"

बाईंनी तुळशीच्या कुंडीकडे पाहिलं.

"आता बोलू नकोस कुठे," उत्कर्ष म्हणाला. "बाल्कनीतली माती भरू, सुकवू. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना! मेल्या, दुसऱ्याच्या आजोबांच्या जागी बाल्कनीतला चिखल भरतोस? ऊठ. मी बोलते, तू जर्मनमध्ये सांग. एक शब्द गाळलास तर याद राख."

मूर्ती आणि तुळशीची कुंडी घेऊन म्पिओच्या दारात बाईंनी सगळं सांगितलं, अगदी चमच्यासकट. उत्कर्षचे कान लाल झाले, पण त्याने गाळलं नाही काही. म्पिओ मूर्तीच्या रिकाम्या पोटाकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले.

"माती कुठे आहे?"

"या कुंडीत. तुळस म्हणजे आमची देवी, तिच्या पायाशी घातली. आता वेगळी निघायची नाही, तेव्हा तुळशीसकट ठेवून घ्या." गेल्या वर्षी स्वतः बी पेरून वाढवलेली तुळस ती! पण कुंडी पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला नाही.

म्पिओने काँगोत, ब्राझाव्हिलला मामाला फोन लावला. त्यातलं जाणणारा घरात तोच. बरंच बोलणं झालं.

"मामा उन्हाळ्यात येतोय," म्पिओ शेवटी म्हणाला. "याच मातीने मूर्ती पुन्हा भरेल. तोवर आजोबा देवीपाशी राहू देत, म्हणतो." कुंडी खिडकीत ठेवून तो वळला. "हिला काय चालत नाही?"

 या देशात तुळस चहात घालतात का, एवढंच आजवर लोकांनी विचारलं होतं. लतिकाबाई आत येऊन खुर्चीत ऐसपैस बसल्या.

"रविवारी पान तोडायचं नाही. आंघोळीआधी हात लावायचा नाही. आणि तुमच्या मूर्तीला काय चालत नाही? हे मी आधीच विचारायला हवं होतं."

म्पिओ पहिल्यांदाच हसला.

"चमचा," तो म्हणाला.